बाबांच्या शेजारची जागा

कळंब, ९ जानेवारी २०२५

धनेश,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. फोन तू उचलत नाहीस, मेसेज केला तर जातच नाही, म्हणजे तू मला बंद करून टाकलं आहेस हे न कळण्याइतकी तुझी ताई बावळट नाही. पोस्टमनला मात्र बंद करता येत नाही. मुद्दाम कंपनीच्या पत्त्यावर पाठवतेय. तिथे चार लोकांसमोर हातात घ्यावंच लागेल.

आशीर्वाद आहेतच. राग आला म्हणून ते कुठे जात नाहीत.

आता मुद्द्याचं. एका दिवसासाठी घरी ये. बंगलोरची गाडी घाट उतरून कर्जतला थांबतेच. स्टेशनाबाहेर कळंबची टमटम मिळते. साहेबांना टमटम चालणार नसेल तर तुझे भाऊजी लोधिवलीहून मोटरसायकल घेऊन येतील. घरी यायचं, हातपाय धुवायचे, देवापुढे नारळ ठेवायचा, ‘चुकलं’ म्हणायचं आणि देव्हाऱ्यातली ती सोन्याची नोट उचलून खिशात घालायची. चहा उकळेपर्यंत होणारं काम आहे. मग उभ्या उभ्या परत गेलास तरी मी अडवणार नाही.

कंपनीसाठी तू काढलेली ती नोट सुंदर आहे. दिवाळीत मी हे बोलले नाही, आता लिहिते. एवढ्याशा पातळ सोन्यात मागे पेठचा किल्ला, मधे नदी, भाताची खाचरं, आणि पुढे एक हात कानाशी धरून लग्नातले धवले गाणारी आपली आई. कपाळावरचं गोंदण, लोंबलेली कानाची पाळी, काही म्हणून सोडलं नाहीस. वर्षभर तू फोनवर विचारायचास, ताई, आईच्या गालावरचा तीळ डोळ्याजवळ आहे की कानाजवळ, आणि मी हसायचे. गजादादाने नोट उजेडात धरून विचारलं होतं, “ह्या नोटेनं दुकानात काय येल रं?” तू म्हणालास, दुकानात चालायची नाही ही, हौशी लोक जपून ठेवायला घेतात, आपला मुलूख सोन्यात राहील. आई ऐकत होती. लाजून पदर तोंडाला लावला होता तिने. तोपर्यंत सगळं छान चाललं होतं.

मग तू नोट पाकिटातून काढलीस, तिला हळदकुंकू लावलंस आणि देव्हाऱ्यात खालच्या पाटावर उभी केलीस.

शहरात राहून विसरला, असं मी लोकांना सांगते. पण खालच्या पाटावर कोण बसतं ते तू रांगत होतास तेव्हापासून बघतो आहेस. वरच्या पाटावर देवांचे टाक, खालच्या पाटावर घरातून गेलेल्या माणसांचे. आजोबा, आजी, थोरले काका आणि बाबा. टाक म्हणजे तरी काय, सोनाराने पातळ पत्र्यावर उठवलेलं माणूसच ना? तू पातळ सोन्यावर आई उठवलीस आणि तिला बाबांच्या शेजारी बसवलंस. तिथे जागा रिकामी दिसली, म्हणालास. ती का रिकामी होती आणि कुणासाठी, हे तुला सांगायला हवं होतं का रे?

आई म्हणाली, “माज्या मरनाची एवडी घाई झाली का रं तुला?” ते तुला लागलं. तू ‘अडाणी लोक’ म्हणून बॅग उचललीस, ते तिला लागलं. आता दोघांनीही सोडा.

तू म्हणशील, ताई, तूच काढ की. ज्याने बसवला त्यानेच उठवायचा, अशी रीत आहे म्हणे. आई ते धरून बसली आहे. बाकी तिची तब्येत बरी आहे, हिंडते फिरते, तू काळजी करू नकोस. फक्त ये.

तुझी ताई,
विनिता


कळंब, १६ फेब्रुवारी २०२५

धनेश,

उत्तर नाही. मी धरूनच चालले होते.

आईची तब्येत बरी आहे असं लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. तू धावत यावंस असं वाटत होतं, पण घाबरून नको, म्हणून तसं लिहिलं. आता घाबरलास तरी चालेल.

गेल्या आठवड्यात गजादादाच्या भाविकाची हळद झाली. आपल्याच भाऊकीतलं लग्न, त्यामुळे धवले गायला आई आणि सोनाबाई हेच ठरलेलं. तू लहानपणी त्या दोघींच्या मधे झोपायचास, तुला ते वेगळं सांगायला नको. आई ओळ टाकणार, सोनाबाई ती उचलणार. आई दिवाळीपासून गप्प गप्पच होती, पण मांडवात बसल्यावर आवाज नेहमीसारखा लागला. मला वाटलं, सुटलो बाबा.

देवांना बोलावून झालं. मग पितरांचं आवतण सुरू झालं. “या गो या तुमी वरल्या घरचे, मांडव बांधलाय दारी.” एकेक नाव घेत घेत ती बाबांपर्यंत आली. “आबाजीबाबा, तुमी या, हलदीला हात लावा.” सोनाबाईने ओळ उचलली. आणि पुढच्या श्वासाला, आवाज जराही न बदलता, आई म्हणाली, “गोदूबाई, तू बी ये गो, हलदीला हात लाव.”

स्वतःचं नाव, धनेश. स्वतःच्या तोंडाने.

सोनाबाईने ती ओळ उचलली नाही. गाणं संपलं असं समजून डीजेवाल्याने त्याचा खोका सुरू केला, आणि त्या धडधडाटात वहिनीने आईच्या पुढ्यातली हळदीची वाटी अलगद उचलून मागे नेली. काही बोलली नाही. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर मी आईवर ओरडले. असं का केलंस, लोक काय म्हणतील? ती पाय चेपत बसली होती. म्हणाली, “खालच्या पाटावर बसलंय त्याला बोलवायचाच. नाय बोलवला तर राग धरतात. मी का आज गातंय गं?” दुसऱ्या कुणा बाईबद्दल बोलावं तशी बोलत होती.

पुढच्या दोन लग्नांच्या सुपाऱ्या घरी येऊन पडल्या होत्या. दोन्ही घरची माणसं येऊन गोड बोलून त्या परत घेऊन गेली. त्यांची तरी काय चूक? जिवंत आहे की गेली हे जिचं तिलाच ठाऊक नाही, तिच्या हातची हळद कोण आपल्या पोरीला लावून घेईल? आयुष्यभर तालुक्यातल्या पोरींची लग्नं जिने लावली, ती आता लग्नाचा मांडव दिसला की वाट बदलते.

ये रे. मी हात जोडत नाही, तुझ्यापुढे जोडायची सवय नाही मला. पण जोडलेत असं समज.

ताई


कळंब, ११ मार्च २०२५

धनेश,

मी आता इथेच राहते. तुझे भाऊजी लोधिवलीत स्वतःच्या हाताने भात लावून खातात आणि खोपोलीला कामावर जातात. हर्षला मधून मधून येते. मे महिन्यात तिचं लग्न आहे, हे तुला माहीत असेल की नाही कोण जाणे. भाचीचं लग्न आहे, मामा.

मी इथे का राहते, तर आई जेवत नाही. अगदीच नाही असं नाही. सकाळी मी निवेद दाखवते, त्यात खालच्या पाटाचा म्हणून जो चिमूटभर भात बाजूला निघतो, तेवढाच ती खाते. ताट वाढलं तर सरकवते. “माजा वाटा तेवडाच.” कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. म्हणाले, आजार काही नाही, आजींचं मन रमवा. मी काय, टीव्ही लावून दिला. ती टीव्हीकडे पाठ करून देव्हाऱ्याकडे तोंड करून बसते.

शेवटी मी विचार केला, खड्ड्यात गेली रीत. परवा ती ओटीवर उन्हात बसली होती. मी आत जाऊन नोट उचलली, तांदळाच्या डब्यात खुपसली आणि हात झटकून भाकऱ्या थापायला बसले. दिवा लावायला ती आत आली. रिकाम्या जागेकडे बघून तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीला धरून खाली बसली.

“कोनी काढलान?”

मी म्हटलं, मी काढली. सुटलीस तू.

“मी सुटले, मंग त्याचा काय?”

कुणाचं?

“धनेशचा गं! बसवलान त्यानं, आनि काढलान दुसऱ्या कोनी, तर बसवनारा जातो त्या जागी. जागा मोकली राहत नाय ती. ठेव आदी. ठेव, पाया पडते तुज्या.”

म्हातारी माझ्या पाया पडायला वाकली. मी नोट परत ठेवली. घाईत ती दोनदा आडवी पडली. मग मला एक युक्ती सुचली. म्हटलं, आता ठेवणारी मी ना? म्हणजे आता काढायचा हक्क माझा! आई हसली. खरंच हसली, दिवाळीनंतर पहिल्यांदा. “लय शानी हायस. तू ठेवला. बसवला त्यानंच.” आणि पुन्हा तोंड फिरवून बसली.

कळलं का तुला? मला वाटत होतं, ती मरणाला घाबरून अशी झाली आहे. ती घाबरलेली नाही. ती जागा अडवून बसली आहे, तुझ्यासाठी.

तू म्हणशील, हा सगळा खुळेपणा. असेल. मी बारावी झालेली आहे, मलाही हे पटत नाही. पण तुझ्यामाझ्या पटण्याने तिच्या पोटात घास जात नाही त्याला काय करू? तू आलास आणि उचललीस तर ती जेवेल. तुला विश्वास ठेवायचा नसेल तर नको ठेवूस. नाटक म्हणून ये. पोटातून हसत उचल. मला चालेल, तिलाही चालेल.

आणि एक. आंबिवलीच्या रस्त्याला नवीन रिसॉर्ट झालं आहे. त्यांनी तुमच्या नोटेचा फोटो माझ्या उंचीएवढा करून दारातच लावला आहे, वर झेंडूचा प्लास्टिकचा हार. शनिवार-रविवारचे पाहुणे आईच्या गालाला गाल लावून सेल्फी काढतात. मी आत जाऊन हार काढायला सांगितला. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, रिस्पेक्ट के लिए है.” आई त्या रस्त्याला जात नाही हे एक बरं आहे.

ताई


कळंब, १२ एप्रिल २०२५

धनेश,

पार्सल मिळालं. म्हणजे पत्रं पोचत होती. तू वाचत होतास.

वरची चिठ्ठी मी उभ्या उभ्या वाचली. ‘ताई, हर्षलाच्या लग्नाला येतो, तेव्हा काढतो. तोवर हा पूर्ण संच आईला दाखव. तिची नोट सगळ्यात आधी संपली, पुन्हा छापावी लागली. तिला सांग, बरं वाटेल.’ मी रडले रे. तिथेच अंगणात, पार्सलवाल्यासमोर. त्याला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

आनंदाच्या भरात मी आईला उठवून बसवलं आणि मखमली पुठ्ठ्याचा तो अल्बम तिच्या मांडीवर उघडला. कोंढाण्याची लेणी, माथेरानची छोटी गाडी, खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे पाण्याचे पाइप, सगळं सोन्यात. ती बघत होती. लेण्यांवरून बोटसुद्धा फिरवलं तिने. शेवटच्या पानावर ती स्वतः होती. ती थबकली. देव्हाऱ्याकडे बघितलं, पुन्हा मांडीकडे.

“ही तिथं हाय ना? मंग ही कोन?”

मी म्हटलं, अगं आई, अशा पुष्कळ छापतात. तुझी तर सगळ्यांत आधी संपली.

“संपली म्हंजी?”

लोकांनी घेतली. मुंबई, दिल्ली, पार परदेशातसुद्धा.

“घेऊन काय करतात?”

आणि मी मूर्ख, मला अजूनही कळलं नव्हतं. मी कौतुकाने सांगत सुटले. जपून ठेवतात, आई. काचेत ठेवतात, कपाटात उभी करून ठेवतात, आल्यागेल्याला दाखवतात.

तिने अल्बम मिटला. मग म्हणाली, “किती घरांत बसवला गं मला?”

आकडा तू पाठवलेल्या कागदावर छापलेला होता. तो कागद मी पुठ्ठ्याखाली सरकवला.

“आता त्याला नको बोलवू,” ती म्हणाली. “एक जागा असती तर काढला असता. एवड्या घरांत कुटं कुटं फिरंल पोर माजा? लिही त्याला. येऊ नको म्हन. त्याच्या हातातला राहिला नाय आता.”

तिने बजावलं म्हणून लिहिलं. पण ते तिचं आहे, माझं नाही. माझं सांगणं असं की मेची वाट बघू नकोस, आज रात्रीच निघ. इतके दिवस टमटमचा आवाज आला की ती मान उचलायची. मला वाटायचं, आवाजाचा त्रास होतोय. पार्सल आल्यापासून कितीही टमटम गेल्या तरी ती मान उचलत नाही. ती तुझी वाट बघत होती, धनेश, आणि मला हे ती थांबली तेव्हा कळलं.

तू हौसेने पाठवलंस. मला राग धरता येत नाही आणि सोडताही येत नाही. वर्षभर रात्रंदिवस डोळे फोडून तू तिचा चेहरा काढलास, तिच्यावर माया नसती तर तीळ कुठे आहे ते कुणी विचारलं असतं? त्याच मायेने तू एकदा बसवलंस आणि आता त्याच मायेने तिला दुसऱ्यांदा पुरलंस. असं लिहू नये. लिहिलं.

ये. तिने नको म्हटलं तरी ये.

ताई


कळंब, ९ मे २०२५

धनेश,

हर्षलाचं लग्न झालं. तू तुझ्या भाऊजींना मेसेज केलास तो त्यांनी मला दाखवला. ‘आई नको म्हणते आहे तर मी येत नाही, उगाच तिला त्रास.’ चांगलं जमलं. चार पत्रं लिहिली मी, त्यातलं नेमकं तेवढंच तुला वाचता आलं.

तुझ्या भाऊजींचे मात्र उपकार. आई हलवण्यासारखी नाही म्हणून त्यांनी मोठ्या मनाने मांडव कळंबला घातला. लोधिवलीचे त्यांचे भाऊबंद नाकं मुरडून का होईना, टेंपो भरून आले. त्यांना सांगितलं, आजीला ताप आहे.

धवले गायला सोनाबाई एकटीच. दुसरी कुणी जोडीला घे म्हटलं तर तिने मान हलवली. “पन्नास वर्सं एकीच्याच वली उचलल्या. आता दुसरीच्या कशा उचलू?” ओळ तीच टाकायची आणि तीच उचलायची. मधे श्वास घ्यायला थांबली की मांडव सुना व्हायचा.

आवतण आलं तेव्हा आधी लोधिवलीचे पितर घेतले, मग आपले. “आबाजीबाबा, तुमी या, हलदीला हात लावा.” तिथे सोनाबाई थांबली. मुद्दाम थांबली, पुढचं नाव तोंडातून जाऊ नये म्हणून पदराने तोंड दाबून घेतलं तिने. आणि आतल्या खोलीतून, जिथे ती दोन दिवस डोळे उघडत नव्हती, तिथून आईचा आवाज आला.

“आले गं, आले.”

कुणीही बोलावलं नव्हतं तिला. हर्षला अंगाला हळद लागलेली तशीच उठून आत धावली. तिच्या आजीने हळदीचा तो हात ओळखला, आपल्या गालावर ओढून घेतला आणि म्हणाली, “लावलान हात. आता जा, लगीन कर.” पोरगी ढसाढसा रडली. बाहेर सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते आहे.

आता ती चिमूटभर भातही घेत नाही. ओठ ओले करते मी कापसाने. सलाइन लावायला नर्स येते, आई सुई काढून टाकत नाही, काहीच करत नाही. परवा विचारत होती, “पोर सुखी हाय ना?” मी हो म्हटलं. तुला सुखी म्हणून टाकलं, बघ. एवढं तरी खरं असू दे.

तुला बोलावायचं म्हणून नाही, पण लिहून ठेवते. अजूनही वेळ आहे. फार नाही.

ताई


कळंब, १८ जून २०२५

धनेश,

आई गेली. भाऊजींनी त्याच सकाळी तुला कळवलं होतं, तू बघितल्याची खूणही आली होती. आम्ही दुपार टळेपर्यंत थांबलो. गजादादा दर टमटमला फाट्यावर जाऊन उभा राहत होता. मग त्यानेच अग्नी दिला.

तू का नाही आलास, हे मी आता विचारत नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नसेल. किंवा आल्यावर ती नोट उचलावी लागेल आणि उचलली तर सगळं तुझ्यामुळे झालं हे कबूल केल्यासारखं होईल, असं वाटलं असेल. मी रात्री पडल्या पडल्या तुझ्या वतीने कारणं शोधत असते. एकही पुरत नाही.

गेलेल्या माणसाच्या तोंडात सोनं घालायचं असतं, बायका शोधायला लागल्या. घरात सोनं म्हणजे तुझा अल्बम आणि देव्हाऱ्यातली ती. त्याला कुणी हात लावायला तयार होईना. सोनाबाईने स्वतःच्या कानातली फुली काढली, दाताने तिचा कण तोडला आणि आईच्या ओठांत ठेवला. मग तिने आईच्या कानाशी तोंड नेऊन एक ओळ म्हटली, आणि थांबली. सवयीने थांबली असेल. मग उठून घरी गेली. त्या दिवसापासून तिने कुणाची सुपारी घेतलेली नाही.

काल बारावं झालं. पाहुणे गेल्यावर मी देव्हारा पुसायला घेतला. बाकीचे टाक काळे पडले आहेत, चिंचेने घासावे लागतील. तुझी नोट जशीच्या तशी आहे. हळदकुंकू वाळून खाली पडलं, तीळसुद्धा स्पष्ट दिसतो. काम चोख केलंस, यात शंका नाही. मी ती उचलली, पुसली आणि परत बाबांच्या शेजारी ठेवली. या वेळी ती एकदाही आडवी पडली नाही. आता ती तिथे चुकून बसलेली नाही, त्यामुळे तू काढायला येऊ नकोस. नारळाची गरज राहिली नाही.

संध्याकाळी गजादादा कर्जतच्या सोनाराला घेऊन आला. बाबांचा टाक यानेच घडवला होता. बिचाऱ्याने चष्मा लावला, वही काढली आणि विचारलं, गोदूबाईंचा टाक चांदीचा करायचा की पितळेचा, एखादा फोटो असेल तर द्या. मी म्हटलं, घडवायचा नाही, टाक घरात आहे. तो म्हणाला, बरं, पण बसवायला मुलगा लागेल हो, तो कधी येणार आहे?

मी सांगितलं, तो दिवाळीतच येऊन बसवून गेला.

विनिता